माईकविना तीन गावं

पुण्याहून नगरला एस.टी.नं जाण्यात लिहिण्यासारखं काही नाही. धूळ आहे, पण ती यंदाच्या दुष्काळात सगळीकडेच आहे. तेव्हा मी थेट माळीवाड्याच्या स्टँडवर उतरतो.

गेलो होतो कविता वाचायला. मी पुण्यात एका छापखान्यात कंपॉझिटर आहे, खिळे जुळवतो. जातीनं वडार. माझ्या माहितीतल्या सगळ्या पिढ्यांनी दगड फोडला. घरात आम्ही बोलतो ती बोली मराठी नव्हे. मराठी मी शाळेत शिकलो आणि छापखान्यात उलटी वाचायला शिकलो. दुसऱ्यांची पुस्तकं जुळवता जुळवता स्वतःचं लिहू लागलो. चार कविता एका अनियतकालिकात आल्या. त्या वाचून नगरच्या येशुदास मास्तरांचं पोस्टकार्ड आलं : ‘यल्लप्पा, इथल्या वाचनालयात वाचन ठरवलंय. तू, मी आणि शेवगावची एक बाई. ये.’

मास्तर स्टँडवर उभेच होते. पन्नाशीचे, उंच, टोपी घातलेले. मिशनच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे आजोबा महार होते, ते ख्रिस्ती झाले. मास्तर स्वतः व्याकरणाचे इतके कडक, की माझी पिशवी हातात घेता घेता त्यांनी माझ्या दुसऱ्या कवितेतली एक वेलांटी दुरुस्त केली.

“आणि तिसऱ्या कडव्यात आमच्या बोलीतले शब्द आहेत, ते?” मी विचारलं.

“ते मला कळले नाहीत,” मास्तर म्हणाले, “म्हणून ते बरोबरच असणार.”

त्यांच्या घरी त्यांच्या पत्नी मार्थाबाईंनी मिलोची भाकरी वाढली. रेशनचा तांबडा मिलो, ही परदेशी ज्वारी, यंदा सगळेच खातात. पुण्यात आम्ही तो नाक मुरडून खातो. मार्थाबाई त्यात मूठभर बाजरी मिसळतात आणि भाकरी चुलीच्या तोंडाशी उभी करून कडक शेकतात. वर लसणाचा ठेचा. मी तीन खाल्ल्या. तिथेच झुलेखाबाई भेटल्या. तिशीच्या, डोक्यावरून पदर, खांद्याला शाळेची पिशवी. शेवगावच्या बांगड्या विकणाऱ्या मणियारांची लेक, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. हे त्यांनीच सांगितलं, कारण पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच हे त्यांना सवयीनं ठाऊक होतं.

नगर

वाचनालय दगडी होतं, सभागृह वरच्या मजल्यावर. दारात हँडबिल चिकटवलेलं : ‘विविध समाजांतील कवींचे काव्यवाचन’. आम्हाला आधी चिटणीसांच्या खोलीत नेलं. चिटणीस वकिली करून थकलेले गृहस्थ होते. बोलणं मऊ. चहा आला. समितीच्या चौघांना कपबशी, आम्हा तिघांना काचेचे ग्लास.

मास्तरांनी ग्लासाकडे पाहिलं. “मला बशी लागते,” ते म्हणाले. “मी चहा ओतून पितो.”

शिपाई थांबला. चिटणीस थांबले. मग एका सभासदानं आपली बशी पुढे सरकवली. मास्तरांनी त्याचे आभार मानले आणि फुर्रकन आवाज करत चहा प्यायला. एरवी ते बशीत कधीच पीत नाहीत, हे मला नंतर मार्थाबाईंकडून कळलं.

चहानंतर चिटणीसांनी आमच्या कवितांच्या प्रती काढल्या. त्यांवर निळ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“आपण सगळे पुरोगामीच आहोत,” ते म्हणाले. “पण सभागृहात बायका असतात, वयस्कर मंडळी असतात. येशुदास, तुमची विहिरीची कविता गाळू या. गावातल्या गावात कटुता नको. आणि तुम्ही...” ते माझ्याकडे वळले, “देवळाच्या कवितेऐवजी निसर्गावरचं काही? त्यातले ते शब्द तर कुणाला कळणारही नाहीत.”

आता खरं सांगतो. मी मान हलवली. हो म्हणालो. समोर गादीच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर तसबिरी होत्या, आणि चांगल्या कपड्यांतला माणूस मऊ आवाजात सांगत होता. माझ्या बापानं अशा खोल्यांच्या भिंती बांधल्या, पण आत बसून कुणाला नाही कसं म्हणायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मलाही नाही. मास्तरांनी आपली प्रत घडी करून खिशात घातली. झुलेखाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सभागृह भरलं होतं. चिटणीसांनी ओळख करून दिली : “आता आपल्या मुस्लिम भगिनी उर्दूतल्या काही नाजूक रचना ऐकवतील.”

झुलेखाबाई उठल्या. माईक त्यांच्या कपाळापाशी होता, तो त्यांनी स्वतः खाली ओढला.

“मला उर्दू लिहिता येत नाही,” त्या म्हणाल्या. “मी शेवगावची. स्वप्नं मराठीत पडतात, शिव्याही मराठीतच येतात. नाजूक काही आणलेलं नाही. जे आहे ते वाचते.” मग कागदाकडे न बघता म्हणाल्या, “आणि माझ्यानंतर येशुदास मास्तर विहिरीची कविता वाचतील, यल्लप्पा देवळाची वाचतील. त्या गाळा असं आम्हाला आत सांगितलं गेलं. तुम्हाला कळावं म्हणून सांगते.”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. झुलेखाबाईंनी दोन कविता वाचल्या आणि खाली बसल्या. मास्तर उभे राहिले आणि वर्गात धडा वाचावा तशी, एकेक अक्षर ठासून, विहिरीची कविता वाचू लागले :

*तुम्ही म्हणालात, देव बदललास,*
*आता आणखी काय हवं?*
*पाणी, मी म्हणालो.*
*आधीच्या देवाच्या वेळीही*
*मी पाणीच म्हणालो होतो.*

इथे माईक बंद झाला. समितीतला एक जण वायरीशी खाटखूट करत म्हणाला, “फ्यूज गेला.” डोक्यावरचे पंखे गरागरा फिरत होते. मागच्या रांगेतल्या कुणीतरी बोट वर केलं आणि मोठ्यानं हसलं.

पुढच्या दोन रांगा उठून गेल्या. जाणाऱ्यांनी दार आपटलं नाही. सभ्य माणसं होती ती, हळूच गेली. पण मागची माणसं उठली ती पुढे येण्यासाठी. विद्यार्थी, भिंगारची काही मुसलमान मंडळी, कापड बाजारातले दोन नोकर आणि नऊवारी नेसलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, ज्यांनी चिटणीसांचीच खुर्ची ओढून घेतली.

“वाचा हो मास्तर,” त्या म्हणाल्या. “आमचे कान शाबूत आहेत.”

मास्तरांनी कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली. आणि मग माझी पाळी. आत हलवलेल्या मानेचं ओझं माझ्यावर अजून होतं. मी उभा राहिलो आणि आधी तेच सांगितलं : “मघाशी मी भ्यालो होतो. ही कविता वाचणार नाही असं कबूल केलं होतं. ते कबूल केलेलं मी परत घेतो.”

*पायऱ्या आज्यानं घडवल्या,*
*उंबरा चुलत्यानं.*
*आत बसलाय त्यालाही*
*आमच्याच छिन्नीनं नाक दिलं, डोळे दिले.*
*डोळे आले तसा*
*तो आम्हाला ओळखेना झाला.*

तिसऱ्या कडव्यातले आमच्या बोलीतले शब्द मी मुद्दाम सावकाश वाचले. दगडाला आम्ही ‘राय’ म्हणतो. तो शब्द त्या दगडी भिंतींत पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं उच्चारला असेल. कळला का नाही, मला ठाऊक नाही. कुणी हसलं मात्र नाही.

जिन्यात चिटणीस भेटले. “तुम्ही विश्वासघात केलात,” ते मला म्हणाले. आवाज अजून मऊच होता.

“हो,” मी म्हणालो. आणि जिना उतरू लागलो.

शेवगाव

शेवगावला जायचं आधीच ठरलं होतं, बाजाराच्या दिवशी. झुलेखाबाईंना आपल्या गावात वाचायचं होतं, पण नगरची बातमी आमच्या आधी पोचली होती. शाळेच्या हेडमास्तरांनी निरोप ठेवला होता : शाळेची खोली मिळणार नाही.

झुलेखाबाईंचे वडील, दगडूभाई, बाजारात झाडाखाली बांगड्यांच्या पेट्या उघडून बसले होते. मुसलमान घरातलं दगडू हे नाव ऐकून मला हसू आलं. ते म्हणाले, “हसू नका. माझ्या आधीची दोन पोरं गेली. हे तरी टिकावं म्हणून आईनं नाव ठेवलं. टिकलो बघा.” मी वडार आहे म्हटल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. “मग आपण नात्यातलेच की!”

दुष्काळात बाजार असा काय भरणार? जनावरांची ओळ होती, पण ती विकायला आलेली, घ्यायला कुणी नाही. तरी बांगड्यांपाशी बायका होत्या. याचं मला नवल वाटलं. दगडूभाईंना वाटलं नाही. “पोटाला नसलं तरी हात रिकामा ठेवत न्हाईत बाया,” ते म्हणाले आणि एका म्हातारीच्या हाताचा पंजा दाबून, वळवून, बोटं एकमेकांत मिसळून हिरवी बांगडी अशी आत सरकवली की तिला कळलंही नाही.

झुलेखाबाई म्हणाल्या, “खोली नाही तर नाही. इथेच वाचते.” त्यांचा चेहरा उतरला होता. कारण मला मास्तरांनी कानात सांगितलं : जी कविता वाचायची होती ती त्यांनी वडिलांना कधी ऐकवली नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या गल्लीतले दोन वयस्क पुरुष आले. एकानं आमच्याकडे पाहिलंही नाही, सरळ दगडूभाईंना म्हणाला, “दगडूभाई, पोरीला आवर घाला. भर बाजारात बाईमानसानं उभं राहून गानं-बिनं... आपल्यात हे चालत न्हाई.”

त्यांच्या मागून एक टोपीवाला दुकानदार, हिंदू, तोही आला होता. त्याचं म्हणणं वेगळं होतं आणि तेच होतं : “बाई, तुमचं तुमच्या भाषेत करा की. मराठीत आमची निंदा कशापायी?”

दगडूभाईंनी हातातला हात सोडला नाही. म्हातारीची दुसरी बांगडी भरून झाल्यावर ते बोलले.

“ही सहा वर्षांची असल्यापासून या झाडाखाली बसलीय. तुमच्या बायांना, तुमच्याबी बायांना, रंग दाखवायची, माप सांगायची. भर बाजारात. तवा चाललं. आता चार अक्षरं वाचती तर चालत न्हाई?” आणि त्यांनी दोन पेट्या बाजूला सरकवून जागा केली. “बस झुले. वाच.”

झुलेखाबाई बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या.

*गावातल्या सगळ्या बायांचा हात*
*माझ्या बापानं हातात घेतलाय.*
*कुणाच्या नवऱ्याला राग आला नाही.*
*मी माझी वही हातात घेतली*
*आणि दोन्ही गल्ल्यांना राग आला.*

बायका हसल्या. आधी दबकत, पदर तोंडाला लावून, मग उघड. टोपीवाला दुकानदार निघून गेला. गल्लीतले दोघे गेले नाहीत, पण त्यांनी पाठ फिरवली आणि पाठमोरेच शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. दगडूभाईंच्या हातात त्या वेळी एका तरण्या मुलीचा हात होता. बांगडी निम्म्यावर अडकली आणि तुटली. बाजारातली सगळी माणसं सांगत होती, दगडूभाईंच्या हातून काच तुटलेली कुणी पाहिली नव्हती.

त्यांनी मुलीच्या मनगटावर अंगठा दाबून धरला. रक्त नव्हतं आलं. मग लेकीकडे वर पाहिलं.

“राग मलाबी आला होता,” ते म्हणाले. “पयल्यांदा वही बघितली तवा. ते लिव्हलं न्हाईस तू.”

झुलेखाबाईंनी वाकून काचेचे तुकडे उचलले. मग म्हणाल्या, “लिहिते, अब्बा.”

“लिही. मला वगळून लिव्हायचं न्हाई.”

त्या दिवशी आम्ही तिघांनी तिथेच आणखी तासभर वाचलं. मास्तरांच्या कवितेवर एका गुराख्यानं त्यांच्याशी वाद घातला, आणि व्याकरणावर नव्हे, अर्थावर. मास्तर हरले आणि खूश झाले.

पारनेर

पारनेरच्या माळावरचं दुष्काळी कामाचं खडी केंद्र कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. तिथे माझा हणमंतमामा काम करत होता. त्याला भेटून पुण्याला परतायचं असा माझा बेत. मास्तर आणि झुलेखाबाई म्हणाले, आम्हीही येतो.

माळावर झाड नाही. दूरवर माणसंच माणसं, रांगेनं बसलेली, आणि हातोड्यांचा आवाज. लांबून तो आवाज टाळ्यांसारखा येतो. जवळ गेल्यावर तसा राहत नाही.

लहानपणी मी पाहिलेल्या खाणीत फक्त आमची माणसं असत. इथे वडारांच्या शेजारी शेतकऱ्यांच्या बाया बसल्या होत्या, लुगड्यांवरून आणि बसण्याच्या पद्धतीवरून ओळखू येणाऱ्या. हातांना चिंध्या बांधलेल्या. मामी, म्हणजे यल्लव्वा, एका बाईला हातोडा कसा धरायचा ते दाखवत होती. बाई चाळिशीची, अंगानं थोराड. सखुबाई तिचं नाव. तिच्या घरची चांगली जमीन होती. यंदा जमिनीत पेरायला ओलच नव्हती.

तिच्या उजव्या हातावर काच लागून झालेल्या जखमा होत्या. आमच्या बायका काच डाव्या हातात भरतात, उजवा हात घावासाठी मोकळा असतो. सखुबाईच्या दोन्ही हातांत बांगड्या होत्या, त्यातल्या उजव्या हातातल्या बऱ्याच घाव घालताना फुटून रुतल्या होत्या.

“काढ म्हनते तर ऐकत न्हाई,” मामी म्हणाली.

“सवाष्णीनं हात उघडा ठिवायचा का?” सखुबाई म्हणाली.

झुलेखाबाई तिच्यापुढे मातीतच बसल्या. तिचा उजवा पंजा हातात घेतला, दाबला, वळवला आणि उरलेल्या चार बांगड्या एकही न तोडता काढून तिच्याच डाव्या हातात भरल्या. “हात उघडा नाही ठेवला,” त्या म्हणाल्या. “फक्त बाजू बदलली.”

सखुबाईनं हात पालथा-सुलटा करून पाहिला. मग मामीकडे मान करून आम्हाला म्हणाली, “ह्या बायांना आमी दारात पानी वरनं वतायचो. वंजळीत. आता ह्याच मला हात धरून शिकवत्यात.” मामीनं तिच्याकडे पाहिलं नाही. “वतायची तवा निम्मं खाली सांडायचीस,” एवढंच म्हणाली, आणि दगडावर घाव घातला. सखुबाईनं खाली मान घातली. कुणी काही सावरून घेतलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, वाटली गेली. मामानं ओरडून सगळ्यांना सांगितलं, की हा माझा भाचा, पुस्तकं छापतो, आणि ही मंडळी कविता वाचतात. बाया म्हणाल्या, वाचा. आम्ही खडीच्या ढिगावर उभं राहून वाचू लागलो. मास्तरांची विहीर संपते न संपते तोच मुकादम आला. काळा, किडकिडीत, काखेत हजेरीची वही.

“सुट्टी संपली. उठा.”

कुणी उठलं नाही.

“ही कोन मानसं? परवानगी कुनाची? उठा, न्हाईतर अर्ध्या दिवसाची हजेरी कापीन. ओव्हरसियर यायचाय.”

मी कागद घडी करू लागलो. इथे सभागृहातली गोष्ट नव्हती. माझ्या कवितेची किंमत यांच्या भाकरीतून जाणार होती. “मामा, राहू दे,” मी आमच्या बोलीत म्हणालो. “तुमचं नुकसान कशाला?”

मामाऐवजी सखुबाई बोलली. तिला माझी बोली कळत नव्हती, पण घडी होणारा कागद कळला असावा.

“वाच रं तू.” आणि मुकादमाला म्हणाली, “काप. पर माझं नाव नीट लिव्ह. रोज तू ‘किसनची बायको’ लिव्हतोस. सखुबाई लिव्ह. सखुबाई किसन.”

मुकादमानं वही उघडली. पेन्सिल थुंकीनं ओली केली.

“यल्लव्वा हनमंत,” मामी म्हणाली. तिनं स्वतःचं नाव परक्यांत मोठ्यानं उच्चारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“तुळसा बाळू.”

“गंगव्वा तिप्पा. मागल्या खेपेला गंगू लिव्हलंस. गंगव्वा लिव्ह.”

नावं रांगेच्या त्या टोकापर्यंत गेली आणि तिथून पुरुषांची परत येऊ लागली. वडारांची, मराठ्यांची, माळ्यांची, एक तांबोळी होता त्याचं. हातोडे खाली होते. एवढ्या मोठ्या माळावर फक्त नावं ऐकू येत होती. मुकादमानं पहिली सात-आठ लिहिली. पुढे तो थांबला. माणसं थांबली नाहीत.

सगळ्यांची सांगून झाली तेव्हा त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. तो चिडला असेल, किंवा थकला असेल, चेहऱ्यावरून मला सांगता येईना. वही काखेत मारून तो माझ्याजवळच्या दगडावर बसला.

“अर्धी हजेरी मातर जानार,” तो म्हणाला. “ते माझ्या हातात न्हाई.”

“जाऊंदे,” चार-पाच जणी एकदम म्हणाल्या.

मग त्यानं डोकं उजवीकडे वळवलं आणि डाव्या कानाला हात लावला. “वाचायचं तर मोठ्यानं वाच. सुरुंगात ह्यो कान गेलाय माझा.”

मी कागद उलगडला, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकलो, आणि तिसऱ्या कडव्यापासून, आमच्या बोलीतल्या ओळींपासून, सुरुवात केली. माझी माणसं पहिल्याच शब्दाला, ‘राय’ला, खुशीनं ओरडली. बाकीच्यांनी, अर्थ विचारायच्या आधी, तो शब्द त्यांच्यामागून म्हटला.